स्टेशन रोडवरची झाडे: एका नगरपरिषदेचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातले हे एक तालुक्याचे गाव. नगरपरिषद जुनी, बाजारपेठ मोठी. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. झाडे तोडायची की ठेवायची हे ठरवणाऱ्या नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाचा अशासकीय सदस्य म्हणून या प्रकरणातली कागदपत्रे, पाहण्या आणि बैठका मला जवळून पाहता आल्या. अशीच वेळ आज अनेक नगरपरिषदांवर येते आहे, म्हणून ते सविस्तर मांडतो.

एसटी स्टँडपासून रेल्वे स्टेशनपर्यंतचा दीडेक किलोमीटरचा हा रस्ता. दोन्ही बाजूंना मिळून साठेक झाडे, तीही दोन पिढ्यांची. वड, चिंच आणि कडुनिंब ही जुनी झाडे कोणी लावली ते आज कोणालाच सांगता येत नाही. दुसरी पिढी 1980 च्या दशकातली: गुलमोहर, पर्जन्यवृक्ष आणि थोडे पीतमोहर. ती लावल्याचा ठराव नगरपरिषदेच्या जुन्या इतिवृत्तात सापडतो. त्या काळी लवकर सावली देणारी झाडे सगळ्यांनाच हवी होती आणि गुलमोहर त्यात पुढे. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष झपाट्याने वाढतो, ऐन उन्हाळ्यात फुलतो. पण त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. मोकळ्या मातीत, पसरायला जागा असेल तर तो तग धरतो. ती जागाच पुढे काढून घेतली गेली.

घटनेच्या काही वर्षे आधी रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले. दोन्ही बाजूंना जेसीबीने खोदून बंदिस्त गटारे बांधली, वर पेव्हर ब्लॉक बसवले, आणि ब्लॉक थेट खोडाला भिडवले. रस्ता देखणा झाला, लोक खूश झाले. त्या कामाचे अंदाजपत्रक मी नंतर मागवून वाचले. खडी, मुरूम, सिमेंट, कर्ब, रंगपट्टे, साइनबोर्ड, सगळ्याला बाब होती. झाडांसाठी एकही नव्हती. नकाशात झाडे दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे गटाराची सरळ रेघ त्यांच्या मुळांतून जाते आहे हे कागदावर कोणाला दिसणेही शक्य नव्हते.

घटना

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि एक मोठा गुलमोहर मुळासकट रस्त्यावर आडवा झाला. खाली थांबलेल्या रिक्षाचा टप चेपला, चालकाचा पाय मोडला, दोन मोटारसायकली दबल्या. जीव वाचले, पण त्या चालकाचा संपूर्ण हंगाम गेला. त्याच्या घरी दुसरे कमावणारे कोणी नव्हते.

संध्याकाळपर्यंत झाड कापून लाकूड हलवले गेले. पंचनाम्यात कारण लिहिले गेले, ‘नैसर्गिक आपत्ती’. समोरच्या एका दुकानदाराने उपटलेल्या बुंध्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते म्हणून पुढचे सगळे कळले. गटाराच्या बाजूची जाड मुळे एका सरळ रेषेत तुटलेली होती. तुटलेली टोके काळी, भुसभुशीत, म्हणजे घाव जुना, काही पावसाळे त्यातून पाणी आणि बुरशी आत शिरलेली. दुसऱ्या बाजूची मुळे ब्लॉकखालच्या दाबलेल्या मुरुमात वरच्या वर पसरलेली. वारा निमित्त झाला. झाडाचा आधार गटार खोदले त्या दिवशीच गेला होता.

प्रश्न

चार दिवसांत व्यापाऱ्यांचे निवेदन आले: रस्त्यावरचे सगळे गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष काढा. त्यांची भीती खोटी नव्हती. ज्याच्या दुकानावर साठ फुटांचे झाड झुकले आहे त्याला पर्यावरणाचे महत्त्व सांगून उपयोग नसतो. दुसरीकडून ज्येष्ठ नागरिकांचे आणि कॉलेजच्या मुलांचे निवेदन आले, एकही झाड तोडू नका. बैठकीत एक नगरसेवक मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, “साहेब, उद्या कोणी मेलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. झाडाला कोणी नोटीस काढणार नाही.” मुख्याधिकाऱ्यांवरचे खरे दडपण हेच होते. झाड पडून माणूस जखमी झाला तर अधिकारी अडकतो. विनाकारण शंभर झाडे तोडली तरी त्याला सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे शंका आली की करवत, ही सवय प्रशासनात मुरलेली आहे.

महाराष्ट्रात याला 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा लागू आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असते, वृक्ष अधिकारी असतो, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. झाड तोडायचे तर झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस देऊन हरकती मागवायच्या असतात. जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल तर परवानगी देता येते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके तितकी रोपे लावण्याचे बंधन आले.

या कायद्यातली एक तरतूद फार कमी लोक वाचतात. झाड तोडणे म्हणजे काय याच्या व्याख्येत जाळणे, कापणे याबरोबरच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. माझ्या वाचनाप्रमाणे गटारासाठी मुळे छाटणे हे त्या व्याख्येत बसते आणि त्यासाठी आधी परवानगी घ्यायला हवी होती. ती कोणी मागितली नाही, कोणी विचारलीही नाही. वृक्ष अधिकाऱ्याचा पदभार पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडे अतिरिक्त होता. माणूस सज्जन, पण पहाटे पाच वाजता व्हॉल्व्ह सोडण्यापासून त्याचा दिवस सुरू व्हायचा. रस्त्याची फाइल त्याच्या टेबलावर कधी आलीच नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरसकट तोडीचा. भीती लगेच संपते, व्यापारी शांत होतात. पण स्टेशनला चालत जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पुढची पंधरा-वीस वर्षे ऊन. शिवाय वयाइतकी रोपे लावायची म्हटली तर चाळिशीच्या तीसेक झाडांसाठी हजाराच्या वर रोपे. ती लावायला गावात जागा नाही. मग कोणीतरी म्हणणार, गावाबाहेरच्या टेकडीवर लावू. म्हणजे कागद पूर्ण होणार आणि स्टेशन रोडची सावली टेकडीवर जाणार.

दुसरा पर्याय सगळ्यांची ‘छाटणी’ करण्याचा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गावोगाव जे चालते तेच: शेंडे उडवायचे, फांद्या मध्येच तोडायच्या, खुंटे उभे ठेवायचे. हा पर्याय स्वस्त आणि मधला वाटतो, म्हणून सभेत त्याला सर्वांत जास्त पाठिंबा होता. मला तो सर्वांत धोकादायक वाटला आणि मी तसे लेखी दिले. मध्येच तोडलेल्या फांदीचे टोक कुजते. त्या कुजक्या टोकाभोवती कोवळ्या फांद्यांचा झुबका फुटतो, दोन-तीन वर्षांत भरघोस होतो आणि वाऱ्यात बुडातून निखळतो. आजचा धोका तीन वर्षांनी दुप्पट होऊन परत येतो. शिवाय झाड ज्यांतून अन्न तयार करते ती पानेच छाटणीत जातात, त्यामुळे आधीच तुटलेली मुळे भरून काढायला त्याच्यात बळ उरत नाही.

तिसरा पर्याय एकेक झाड तपासून निर्णय घेण्याचा. वेळ लागणार, तज्ज्ञाचे मानधन लागणार, आणि तपासूनही एखादे झाड पडले तर बोट तपासणाऱ्याकडेच जाणार.

मुख्याधिकाऱ्यांनी तिसरा पर्याय घेतला, पण एक गोष्ट त्याला जोडून. पाहणी होईपर्यंत सर्वांत झुकलेल्या झाडांखालचा रिक्षा थांबा आणि गाड्यांचे पार्किंग हलवले. या एका आदेशाने व्यापाऱ्यांचा विरोध निम्मा झाला. झाड धोकादायक ठरते ते खाली कोणी असते म्हणून. झाड हलवता येत नाही, थांबा हलवता येतो. हे इतके सोपे पाऊल सरसकट तोडीच्या मागणीत कोणाला सुचत नाही, म्हणून मी ते मुद्दाम नोंदवतो.

पाहणी

मोठ्या शहरातून एक वृक्षतज्ज्ञ बोलावले, सोबत स्थानिक महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागाची मुले. यंत्रे नव्हती. लाकडी हातोडी, लोखंडी सळई, मोजपट्टी आणि दुर्बीण एवढ्यावर काम झाले. खोडावर हातोडी मारत गोल फिरायचे. भरीव लाकडाचा आवाज ठणठणीत येतो, पोकळ जागी तो बसका होतो.

तज्ज्ञांनी पहिल्यांदा वर पाहिलेच नाही, खाली पाहिले. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरत जातो. इथली बरीच खोडे खांबासारखी सरळ ब्लॉकमध्ये घुसलेली होती, म्हणजे बुंध्यावर भराव टाकून तो गाडला होता. एका गुलमोहराच्या बुडाशी तपकिरी, चकचकीत, टणक बुरशीची छत्री फुटली होती, कडेला पांढरी किनार. गॅनोडर्मा. ती बाहेर दिसते तोवर आतली मुळे बरीच कुजलेली असतात. तज्ज्ञांनी शेजारी सळई टेकवली आणि हाताच्या दाबानेच ती आत गेली. सोबत आलेल्या व्यापारी प्रतिनिधींनी स्वतः सळई दाबून पाहिली. पुढे तीन झाडे सोडून असलेल्या पर्जन्यवृक्षात त्यांनीच पुन्हा जोर लावला, सळई तसूभर गेली नाही. कोणते झाड काढायचे आणि कोणते ठेवायचे याचे कारण त्या दिवशी व्याख्यानाशिवाय सगळ्यांना पटले.

एका कडुनिंबात जुन्या ट्री गार्डच्या सळया रुतल्या होत्या. लावल्यावर पाच-सहा वर्षांनी जाळी काढायची असते, ती कोणी काढली नव्हती. जवळजवळ प्रत्येक खोडात फलकांचे खिळे आणि रोषणाईची तार.

सगळ्यात कठीण प्रकरण चिंचेचे. जुनी, वारसा वृक्षात मोडणारी, खोड आतून पोकळ, ढोलीत पोपटांची वस्ती. मागणी होती की पोकळ आहे, काढा. पण पोकळ झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे. बळ बाहेरच्या भिंतीत असते. खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची निरोगी भिंत शिल्लक असेल तर खोड सहसा टिकते, असा ठोकताळा तज्ज्ञ वापरतात. चिंचेची भिंत तीन बाजूंनी पुरेशी होती, चौथ्या बाजूला ढोलीचे तोंड. निर्णय असा झाला की ढोलीच्या बाजूने रस्त्यावर लांब गेलेल्या दोन फांद्यांचा भार कमी करायचा आणि झाड ठेवायचे. ढोलीत सिमेंट भरण्याची सूचना आली होती, ती नाकारली. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही, मग आतली भिंत घासते आणि पाणी साठून कूज वाढते.

काय केले

नऊ झाडे काढायची ठरली, बहुतेक गुलमोहर. प्रत्येक झाडावर कारणासह नोटीस लावली: ‘बुडाशी बुरशी’, ‘रस्त्याकडची मुळे तुटलेली’, ‘खोड दुभंगलेले’. सात दिवसांत हरकती आल्या, सुनावणी झाली. एका पर्जन्यवृक्षाखाली वर्षानुवर्षे फळे विकणाऱ्या मावशी सुनावणीला आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, दुपारी सावली नसली तर गिऱ्हाईक थांबत नाही, माल पण उकडतो. ह्याची फांदी काढा, झाड नका काढू.” त्या झाडाची फेरतपासणी झाली. दोष एका फांदीच्या बगलेत होता. फांदी काढली, झाड राहिले. शेवटी आठ झाडे गेली.

छाटणीसाठी ठेकेदाराच्या माणसांना तज्ज्ञांनी उभे राहून शिकवले. जड फांदी एका घावात कापली की ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून तीन काप. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, थोडा. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून, आरपार. फांदी पडते, साल तिथेच थांबते. मग उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर कापायचा. कडे कापायचे नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. त्या कड्यातूनच नवी साल चढून जखम झाकते. अमेरिकेतले संशोधक अॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे चिरून दाखवले की झाड जखम भरून काढत नाही, तिला आतून भिंती घालून बंद करते. कापावर डांबर फासण्याची पद्धतही त्यामुळे सोडली. त्या माणसांपैकी एक जण वीस वर्षे झाडे तोडत होता. दोन दिवसांत त्याने हे इतके नेमके उचलले की नंतरच्या कामांना नगरपरिषदेने त्यालाच बोलावले.

मुळांचे काम अधिक किचकट. खोडाभोवतीचे ब्लॉक काढायचे, भराव उपसायचा, गाडलेला बुंधा मोकळा करायचा. यंत्र वापरायचे नाही, हातानेच, पहारीने आणि खुरप्याने, असे कार्यादेशात लिहिले. मूळ दिसले की पहार बाजूला. मोकळ्या जागेत पोयटा आणि शेणखत घालून वर पालापाचोळ्याचे आच्छादन. किती जागा मोकळी ठेवायची यावर ओढाताण झाली. बांधकामापासून झाड वाचवण्याच्या ब्रिटिश मानकात खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचा पट्टा धरतात, म्हणजे अर्धा मीटर जाडीच्या झाडाला सहा मीटर. बाजारपेठेत हे अशक्य. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तो आधार धरून किमान एक मीटर ठरला, आणि जिथे पदपथ रुंद होता तिथे दोन झाडांच्या मधली पट्टी सलग मोकळी केली. एका मीटरवर झाड समाधानाने जगते असे कोणी समजू नये. ते तगते, एवढेच.

नव्या लागवडीचा प्रश्न वयाच्या हिशेबाने आला. आठ झाडे, प्रत्येकी चाळीसच्या आसपास, म्हणजे तीनशेच्या वर रोपे. रस्त्यावर वीस-बावीसच मावत होती. शेवटी आधी रस्त्यावरच्या रिकाम्या जागा भरल्या. उरलेली रोपे गावातल्याच नगरपरिषद शाळा, दवाखाना, ओढ्याचा काठ आणि स्मशानभूमी इथे लावली. टेकडी टाळली. राज्यात 2019 मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम झाला तेव्हा या गावानेही खड्डे मोजले होते. त्यातली किती जगली याची नोंद नगरपरिषदेत सापडली नाही. म्हणून या वेळी ठेकेदाराचे बिल रोप लावल्यावर पूर्ण द्यायचे नाही, तीन उन्हाळे पार केलेल्या रोपावरच शेवटचा हप्ता द्यायचा, अशी अट घातली.

जाती निवडताना एकाच झाडाची रांग लावली नाही. मुंबईत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड पडली तेव्हा रस्तेच्या रस्ते बोडके झाले. विजेच्या तारांच्या बाजूला कांचन आणि पारिजातक, मोकळ्या बाजूला करंज, बकुळ, ताम्हण, कडुनिंब. एका सदस्याचा आग्रह पुन्हा गुलमोहराचा होता, फुलांसाठी. ताम्हणाची जांभळी फुलेही उन्हाळ्यातच येतात, शिवाय ते आपले राज्यफूल, यावर ते राजी झाले.

काय घडले

त्यानंतरच्या पावसाळ्यांत या रस्त्यावर फांद्या पडल्या, झाड पडले नाही. मोकळे केलेल्या झाडांपैकी बहुतेकांची पालवी दुसऱ्या वर्षी दाट झाली. दोन पर्जन्यवृक्ष मात्र शेंड्याकडून वाळतच गेले. त्यांची मुळे इतकी तुटली होती की माती मोकळी करून उपयोग नव्हता. ते पुढे रीतसर काढावे लागले. चिंच उभी आहे.

नव्या रोपांचे चित्र मिश्र. शाळेतली आणि दवाखान्यातली जवळजवळ सगळी जगली, कारण तिथे पाणी घालणारे माणूस ठरलेले होते. ओढ्याकाठची बरीच गुरांनी खाल्ली. रस्त्यावर ज्या दुकानदाराने आपल्या दारातले रोप मागून घेतले तिथे ते जगले. जिथे नुसता क्रमांक होता तिथे दोनदा बदलावे लागले.

एक गोष्ट बिघडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तारांची कामे करणारे पथक आले आणि तारांखालची झाडे पुन्हा जुन्या पद्धतीने, मध्यातून बोडकी करून गेले. नगरपरिषदेने शिकवलेले लोक वेगळे, तारांचे लोक वेगळे. त्यांना कोणी कळवलेच नव्हते. तीन काप शिकलेला तो माणूस ते खुंटे पाहून माझ्याकडे आला तेव्हा त्याला राग आवरत नव्हता. त्याचा राग मला रास्त वाटला.

वेगळे काय करता आले असते

पडलेला पहिला गुलमोहर चोवीस तास तसाच बाजूला ठेवून त्याचा बुंधा तपासला असता तर कारण त्याच दिवशी नोंदले गेले असते. मग इतर झाडांवर राग निघाला नसता, आणि जखमी चालकाला भरपाई मागताना पुरावा मिळाला असता. ‘नैसर्गिक आपत्ती’ या दोन शब्दांनी त्याचा हक्क जवळजवळ बुडवला. किरकोळ मदत मिळाली ती वर्गणीतून. झाड पडण्याच्या प्रत्येक पंचनाम्यात मुळांचा फोटो आणि अलीकडच्या खोदकामाची नोंद सक्तीची हवी, अशी सूचना प्राधिकरणाने नंतर केली. ती मान्य झाली.

वृक्षगणना होती, पण तिच्यात जात आणि घेर एवढेच. झाडाची अवस्था, बुंध्याभोवतीची मोकळी जागा, जवळचे गटार, डोक्यावरच्या तारा, यातले काही नाही. मोजणीला माणसे आणि पैसा लागतोच, तर त्याच खर्चात ह्या चार रकान्यांची भर घालता येते. पाच वर्षांनी त्याच झाडाची दुसरी नोंद शेजारी आली की कोणते झाड खालावते आहे हे पडण्याआधी कळते.

पण सर्वांत मोठा निर्णय या प्रकरणात आम्ही कोणी घेतलाच नव्हता. तो रस्त्याच्या निविदेत आधीच झाला होता. गटार खोडापासून थोडे वळवून नेले असते किंवा तेवढ्या टप्प्यात हाताने खोदून मुळांखालून पाइप टाकला असता, तर जास्तीचा खर्च नंतरच्या तोडीच्या, तज्ज्ञांच्या आणि पुनर्लागवडीच्या खर्चापेक्षा कमी भरला असता. वृक्ष प्राधिकरणाकडे फाइल येते ती झाड धोकादायक झाल्यावर. ती यायला हवी रस्त्याचे अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीला जाण्यापूर्वी, झाडे दाखवलेल्या नकाशासह.

तसा ठराव सर्वसाधारण सभेत झाला आहे. बाजारपेठेतल्या पुढच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात ‘झाडांभोवती हाताने खोदकाम’ आणि ‘आळे मोकळे ठेवणे’ अशा दोन बाबी पहिल्यांदा आल्या. त्यांचे मोजमाप घेताना वृक्ष अधिकाऱ्याची सही लागेल अशी अट आहे. वृक्ष अधिकाऱ्याचे पद मात्र अजून अतिरिक्त पदभारावरच चालते. स्वतंत्र माणूस मिळावा म्हणून प्रस्ताव जिल्ह्याला गेला आहे, आणि तारांच्या छाटणीची तारीख एप्रिलमध्येच नगरपरिषदेला कळवावी असे पत्र वीज कार्यालयाला दिले आहे. दोन्हींचा पाठपुरावा प्राधिकरणाच्या प्रत्येक बैठकीत विषयपत्रिकेवर पहिला ठेवतो.